लिखाण पुढे सरकत नाही असं वाटतंय? आधी या चुका टाळा

दर दिवाळीनंतर नवलेखकांचे फोन सुरू होतात. रडगाणं एकच: "ताई, तीन वर्षं लिहितेय, पण काही होतच नाही." काय व्हायला हवं होतं, असं विचारलं की पलीकडे शांतता. तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून टाकते.

दुसऱ्याच्या अनुक्रमणिकेत स्वतःला शोधणं. ही चूक मी स्वतः केली, आणि चांगली दणकून. एका जूनमध्ये दिवाळी अंकाला कथा पाठवली. गणपती आले, गेले, उत्तर नाही. (कथा वेळेत हवी असते, नकार कळवायला मात्र सगळेच विसरतात.) अंक आला तशी दुकानाच्या पायरीवरच अनुक्रमणिका उघडली. माझं नाव नव्हतं. माझ्यामागून लिहायला लागलेल्या मैत्रिणीचं होतं. तिची ती कथा मी आजतागायत वाचलेली नाही, इतकी मी कोती. पुढचे चौदा महिने एक ओळ लिहिली नाही.

मग गॅसचं पुस्तक शोधताना माळ्यावरच्या पिशवीतून एक जुनी वही निघाली. त्यात लिहिलेलं: ‘उदास संध्याकाळ होती. तिचं विषण्ण मन आक्रंदत होतं.’ खालीच त्या न छापलेल्या कथेचा खर्डा होता: ‘आत्याने चहा गाळला आणि गाळणी तशीच हातात धरून उभी राहिली.’ दोन्हींत चार वर्षांचं अंतर. हे एकाच बाईने लिहिलंय, हे मलाच पटेना.

तेव्हापासून प्रत्येक खर्ड्याच्या डोक्यावर तारीख घालते. पितृपक्षात नवीन काही काढायचं नसतं, तेव्हा जुन्या वह्या काढते. यात शास्त्र वगैरे काही नाही, सवय आहे. जुनं पान वाचून कान गरम झाले की मी खूश.

जुने खर्डे रद्दीत घालणं. मग ताडून कशाशी बघणार?

व्हॉट्सॲपवरचे अंगठे मोजणं. ग्रुपमधल्या ज्या काकांनी तुमच्या कथेला ‘अप्रतिम’ म्हटलं, त्यांनी सकाळच्या सुविचारालाही तेच म्हटलेलं असतं.

वयाचा हिशोब. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 चा. लिहावाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली आला. तिशीतच ‘उशीर झाला’ म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवते. "तेव्हा एवढी स्पर्धा नव्हती हो," असं उत्तर येतं. मग मी फोन ठेवते.

‘तीस दिवसांत कादंबरी’ छापाचे वर्ग. तीस दिवसांत मेथी येते.

नकार आला की त्याच रात्री कथा दुरुस्त करायला बसणं. रागात चांगली वाक्यं आधी कापली जातात. मी तीन महिने कपाटात ठेवते. आत्याची कथा त्यानंतर आणखी दोनदा साभार परत आली. शेवट कच्चा आहे, हे आता मलाही दिसतं. आत्या अजून गाळणी धरून उभीच आहे. जूनला अवकाश आहे.