बायबलमधला कडू दवणा, विष आणि पित्त : वाचताना या चुका टाळा

मराठी बायबलात ‘कडू दवणा’ आला की आपला वाचक एका अडचणीत सापडतो, आणि बहुतेक वेळा ती त्याच्या लक्षातही येत नाही. दवणा आपल्या ओळखीचा आहे. चैत्रात तो जोतिबाला वाहतात, बाजारात त्याच्या जुड्या येतात, हातात धरला की वास कितीतरी वेळ बोटांना राहतो. त्यामुळे हे शब्द वाचताना मनात आधी सुगंध येतो आणि संदेष्ट्याच्या बोलण्याची धार तिथेच बोथट होते.

पवित्र शास्त्रातल्या कडू आणि विषारी पदार्थांबद्दल अशा बऱ्याच गफलती अभ्यासवर्गांत, उपदेशांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या संदेशांत दिसतात. काही साध्या आहेत. काहींमुळे मात्र वचनाचा रोख ज्याच्यावर आहे तो मोकळा सुटतो आणि दोष भलत्यालाच लागतो.

सुगंधी दवणा डोळ्यांसमोर आणणं

भाषांतरकारांनी हा शब्द उगाच निवडलेला नाही. जोतिबाचा दवणा आणि बायबलमधली वनस्पती या दोन्ही आर्टेमिसिया गटातल्याच मानल्या जातात. पण बायबलच्या भूमीतला भाऊबंद वेगळा. नेगेव आणि सीनायच्या कोरड्या माळांवर आर्टेमिसियाची राखाडी-पांढरट झुडपं आजही वाढतात, आणि त्यांची पानं भयंकर कडू असतात. हिब्रूत या वनस्पतीला ‘लाअना’ म्हणतात. जुन्या करारात हा शब्द आठ वेळा येतो आणि एकदाही तिच्या वासाचा उल्लेख नाही. सगळा भर चवीवर. नीतिसूत्रे ५ मध्ये परस्त्रीच्या ओठांतून मध टिपकतो, पण तिचा शेवट दवण्यासारखा कडू होतो. तिथे सुगंधाची आठवण आली तर उपमाच उलटी होते.

कडू म्हणजेच विषारी असं धरून चालणं

लाअना कडू आहे, पण प्राणघातक म्हणून तिची ख्याती नाही. वाळवंटातले भटके बेदुइन लोक पोटदुखीवर तिचा काढा घेतात. विषासाठी हिब्रूत दुसरा शब्द आहे, ‘रोश’. होशेय १०:४ मध्ये तो नांगरलेल्या शेताच्या तासांत उगवणारं तण आहे. अनुवाद ३२ मध्ये आधी विषारी द्राक्षांसाठी आणि लगेच पुढच्या वचनात सापाच्या विषासाठी तोच शब्द येतो. म्हणजे एकाच झाडाचं नाव म्हणून तो पक्का बांधलेला नाही. हेमलॉक, इंद्रावण, अफूचं बोंड अशी वेगवेगळी नावं अभ्यासकांनी सुचवली आहेत. त्यातलं एक निवडून ‘बायबलमधलं विष म्हणजे हेच’ असं शिकवू नये.

लाअनाच्या आठ जागांपैकी पाच ठिकाणी रोश तिच्या सोबतीला आहे. ही जोडी मुद्दाम बांधलेली आहे. एक शब्द तोंडात काय होतं ते सांगतो, दुसरा पोटात गेल्यावर काय होतं ते. यिर्मया ९:१५ मध्ये परमेश्वर म्हणतो की मी या लोकांना कडू दवणा खायला आणि विषाचं पाणी प्यायला देईन. हे कुठल्या प्रत्यक्ष औषधीचं वर्णन नव्हे. बआलदैवतांच्या मागे लागलेल्या लोकांना त्यांनी निवडलेल्या वाटेची चव घ्यावी लागणार, असा त्याचा अर्थ. पुढे २३:१५ मध्ये तेच शब्द यरुशलेमेच्या संदेष्ट्यांना लागू होतात. हे लोक हट्टाने वागणाऱ्यांना ‘तुमचं सगळं कुशल आहे’ असं सांगत होते. गोड बोलणाऱ्यांच्या ताटात कडू पडलं, हे तिथे विसरू नये.

वधस्तंभावरच्या दोन पेयांची सरमिसळ

उत्तम शुक्रवारच्या उपदेशांत ही चूक फार होते. येशूला दोनदा काहीतरी प्यायला दिलं गेलं, आणि त्या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली वधस्तंभावर खिळण्याआधीची. मत्तय २७:३४ मध्ये पित्त मिसळलेला द्राक्षारस दिला जातो, मार्क १५:२३ मध्ये गंधरस मिसळलेला. मत्तय सांगतो की त्याने तो चाखून पाहिला, पण पिण्यास नकार दिला. दुसरी घटना अगदी शेवटची. स्पंज आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, भिजवून त्याच्या तोंडाशी नेला गेला, आणि योहान १९:३० प्रमाणे त्याने ती आंब घेतली. आंब हे सैनिकांचं रोजचं स्वस्त पेय होतं. तिला विष म्हणण्याचं काही कारण नाही.

मग मत्तयाचं ‘पित्त’ म्हणजे जनावराच्या पित्ताशयातला द्रव का? तसं असलंच पाहिजे असं नाही. मूळ ग्रीक शब्द ‘खोले’. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुअजिंटमध्ये, रोशसाठी तो येतो आणि काही ठिकाणी लाअनासाठीही येतो. त्याचा पसारा ‘पित्त’ या मराठी शब्दापेक्षा मोठा आहे. स्तोत्र ६९:२१ च्या ग्रीक पाठातही हाच शब्द आहे. तिथे छळला गेलेला माणूस म्हणतो की त्यांनी माझ्या अन्नात विष घातलं आणि तहान लागली तेव्हा मला आंब पाजली. मत्तयाने दोन्ही पेयं सांगताना हे स्तोत्र वाचकाच्या कानात वाजावं अशीच शब्दयोजना केली आहे.

मार्काच्या गंधरसाकडे मात्र पुष्कळ जण वेदना बधिर करणारं पेय म्हणून पाहतात. तालमूद या यहुदी ग्रंथातही अशी नोंद आहे की मृत्युदंडाच्या कैद्याची शुद्ध हरपावी म्हणून त्याला धूप घातलेला द्राक्षारस देत. हे लक्षात घेतलं तर त्या नकाराला वजन येतं. मत्तय वाचताना छळ दिसतो, मार्क वाचताना दया दिसू शकते. दोघांना एकाच साच्यात दाबून बसवण्याची घाई करू नका. उपदेश करायचा असेल तर आधी स्तोत्र ६९ अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचा.

प्रकटीकरणातल्या ताऱ्याचं नाव वर्तमानपत्रात शोधणं

प्रकटीकरण ८:१०-११ मध्ये तिसरा कर्णा वाजतो, मशालीसारखा पेटलेला मोठा तारा नद्यांच्या तिसऱ्या हिश्शावर आणि झऱ्यांवर पडतो, पाणी कडू होतं आणि पुष्कळ माणसं मरतात. ताऱ्याचं नाव कडू दवणा, ग्रीकमध्ये ‘अप्सिंथोस’. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हापासून ‘चेर्नोबिल म्हणजे कडू दवणा, भविष्य खरं झालं’ हा संदेश फिरतो आहे.

युक्रेनी भाषेत ‘चोर्नोबिल’ हे आर्टेमिसियाच्याच एका जातीचं नाव आहे, एवढं खरं. पण ती दवण्याची दुसरी बहीण आहे. प्रकटीकरणातल्या ताऱ्यासाठी युक्रेनी बायबल ‘पोलिन’ हा वेगळा शब्द वापरतं. त्या गावाची नोंद ११९३ सालापासूनची, आणि गावाला हे नाव पडलं ते झुडपामुळेच असं मानतात. शिवाय तिथे आकाशातून काही पडलं नव्हतं.

माझी तक्रार यापुढची आहे. त्या दुर्घटनेत खरी माणसं गेली, हजारो कुटुंबांना घरदार सोडावं लागलं. त्यांचं दुःख एखाद्या कोड्याचं उत्तर म्हणून वापरणं मला पटत नाही. ज्या सात मंडळ्यांसाठी, म्हणजे ख्रिस्ती समुदायांसाठी, प्रकटीकरणाचं पुस्तक लिहिलं गेलं, त्यांना या प्रतिमेसाठी अणुभट्टीची गरज नव्हती. यिर्मयाचं विषाचं पाणी त्यांच्या ओळखीचं होतं, आणि रक्त झालेली मिसरची नदीही. नुसत्या कडू दवण्याने माणूस मरत नाही, तरी इथे माणसं मरतात. हे पाणी संदेष्ट्यांच्या पुस्तकांतून वाहत आलेलं आहे, याची ही स्पष्ट खूण.

आमोसावरून पुढे पळणं

मला सगळ्यांत जास्त सलते ती ही चूक. प्रकटीकरणाच्या एका वचनावर तास-तास चर्चा होते, आणि आमोसाच्या दोन वचनांवरून आपण पानं उलटत पुढे जातो.

आमोस यहूदातल्या तकोवा गावचा मेंढपाळ आणि उंबरांची राखण करणारा. इ.स.पू. आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या काळात, तो उत्तरेच्या इस्राएल राज्यात बेथेलला जाऊन बोलला. राज्य भरभराटीला आलेलं, हस्तिदंती पलंग, बेथेलच्या वेदीवर अर्पणांची रेलचेल. अशा वेळी तो ५:७ मध्ये म्हणतो की तुम्ही न्यायाचा कडू दवणा केला आहे. ६:१२ मध्ये आणखी पुढे जातो. घोडे खडकावर धावतात का, तिथे कोणी बैलांनी नांगरतं का? पण तुम्ही न्यायाचं विष केलं आणि नीतीच्या फळाचा कडू दवणा.

इथे लाअना आणि रोश दोन्ही आहेत, आणि दोन्ही माणसांनी तयार केलेली आहेत. आकाशातून तारा नाही, देवाने पाजलेलं पाणी नाही. हे विष कुठे तयार झालं तेही आमोस सांगतो. वेशीत. गावची वेस हे त्या काळचं न्यायालय, वडीलधारे तिथे बसून निवाडा करत. ५:१० ते १२ वाचा. वेशीत खरं बोलणाऱ्याचा द्वेष, गरिबांकडून उकळलेलं धान्य, लाच घेऊन दुबळ्यांना माघारी लावणं. ज्या माणसाकडे ना पैसा ना वजन, तो शेवटचा आसरा म्हणून वेशीत येई. त्याला तिथे जीव धरता येईल असं काही मिळायला हवं होतं, आणि त्याच्या पदरात पडलं ते जहर. होशेयाचं शेतातलं विषारी तणही याच जातीचं आहे. खोट्या शपथा आणि पोकळ करार यांच्या पाठोपाठ निवाडे तणासारखे उगवतात, असं तो त्याच काळात, त्याच राज्याबद्दल म्हणतो.

हे कळलं की ५:२४ चा अर्थ उलगडतो. न्याय पाण्यासारखा वाहू द्या, हे वचन आपण फलकांवर सुंदर अक्षरांत लिहितो. पण ते याच अध्यायातल्या कडू झालेल्या न्यायाला दिलेलं उत्तर आहे, आणि त्याच्या आधीच्या वचनांत देव लोकांचे सण आणि गाणी नाकारतो. ज्या मंडळीत मजुराची मजुरी बुडवणारा पुढच्या बाकावर बसतो, तिथे कडू दवण्यावर प्रवचन करायचं असेल तर आमोसापासून सुरुवात व्हायला हवी.

‘कडूपणाचं मूळ’ म्हणजे मनातला राग

इब्री लोकांस पत्र १२:१५ मधल्या कडूपणाच्या मुळाचा अर्थ सर्रास ‘मनात धरलेली अढी’ असा सांगितला जातो. क्षमा करण्याबद्दल बायबल पुष्कळ सांगतं, त्यासाठी हे वचन ओढायची गरज नाही. त्याचा उगम अनुवाद २९:१८ मध्ये आहे. तिथे विष आणि कडू दवणा उपजवणारं मूळ म्हणजे परमेश्वराला सोडून इतर दैवतांकडे वळलेला माणूस, आणि पुढच्याच वचनात तो मनाशी म्हणतो, मी हट्टाने वागलो तरी माझं कुशलच होईल. कराराची वचनं ऐकूनही निर्धास्त राहिलेला हा माणूस आहे.

या चुकीने खरोखर इजा होते. अन्याय सोसलेली बाई मंडळीत तोंड उघडते आणि तिलाच ‘तुझ्यात कडूपणाचं मूळ आहे’ असं ऐकवलं जातं. मूळ वचन दुखावलेल्या माणसाबद्दल नाहीच. प्रेषितांची कृत्ये ८:२३ मध्ये पेत्र शिमोन जादूगाराला ‘कडूपणाच्या पित्तात’ असल्याचं सांगतो, तेही पवित्र आत्मा देण्याचा अधिकार पैशाने विकत मागितल्यावर. राग-रुसव्याचा तिथे प्रश्नच नव्हता.

प्रत्येक कडू घोटात शिक्षा किंवा रूपक शोधणं

वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, कडू भाज्या शिक्षेच्या नव्हेत. मिसरी लोकांनी इस्राएलांचं जिणं कडू केलं होतं, त्याची ती आठवण. पाडव्याच्या कडुलिंबासारखा प्रकृतीसाठी हितकर असा त्यांचा अर्थ लावू नये. रानातल्या मारा या ठिकाणचं पाणी कडू होतं, पण ते पिऊन कोणी मेल्याचा उल्लेख नाही, आणि एक झाड टाकल्यावर ते गोड झालं. गणना ५ मध्ये नवऱ्याला संशय आलेल्या बायकोला पाजायच्या ‘कडू पाण्यात’ निवासमंडपातली धूळ आणि धुतलेली शाई आहे, विष घातल्याचं कुठे म्हटलेलं नाही.

आणि कधी कधी विष हे नुसतं विषच असतं. २ राजे ४ मध्ये गिलगालला दुष्काळ पडलेला असतो, कोणीतरी रानातली अनोळखी फळं ओटीभर आणून चिरून हंडीत टाकतो आणि खाणारे ओरडतात की हंडीत मरण आहे. ती फळं बहुधा कडू इंद्रावणाची, जी आपल्याकडेही कोरड्या रानात वाढतात आणि जबर जुलाब करतात. अलीशा संदेष्टा पीठ मागवतो, हंडीत टाकतो आणि लोकांना वाढायला सांगतो. भुकेल्या माणसांना त्या दिवशी जेवण मिळालं, एवढंच तिथे लिहिलेलं आहे.