स्क्रोल सॉला पायाचा स्विच, तेही मशीनची वायर न कापता

स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक ब्लेड वर-खाली होत लाकडात नक्षी कापणाऱ्या मशीनवर, मखराची जाळी नाहीतर नावाची पाटी कापताना दोन्ही हात लाकडावरच पाहिजेत, एक हात स्विचकडे गेला की वर जाणारं ब्लेड पीस उचलतं आणि मग रेघ तर जातेच, कधी ब्लेडही तुटतं. म्हणून पायाचा स्विच. पण मशीनची केबल कापून तो मध्ये जोडू नका, वॉरंटी जाते आणि पेडल त्या एकाच मशीनला अडकून बसतं. त्यापेक्षा छोटा सॉकेट बोर्ड करा, आज सॉ लावा, उद्या ड्रिल.

पेडल घेताना दाबलं की चालू, सोडलं की बंद असंच घ्यायचं. एकदा दाबून चालू राहणारं अजिबात नको, कारण लाइट जाऊन परत आली की मशीन आपोआप सुरू होईल आणि तेव्हा तुमची बोटं कुठे असतील सांगता येत नाही. शिलाई मशीनचं स्पीडवालं पेडल पण इथे चालत नाही. रेटिंग २५० व्होल्ट एसी, १० अँपिअर किंवा जास्त बघा, आणि वर कव्हर असलेलं मिळालं तर तेच घ्या, फळी पडून दाबलं जात नाही.

बाकी सामान म्हणजे प्लास्टिक बॉक्स, एक स्विच, एक सॉकेट, थ्री पिन टॉप (प्लग), १.५ स्क्वेअर एमएमची तीन कोअर फ्लेक्सिबल वायर आणि केबल ग्लँड (बॉक्समध्ये शिरते तिथे वायर घट्ट पकडणारी टोपी). ग्लँडमध्ये कंजूषी नको, पेडलची वायर रोज ओढली जाते आणि ग्लँड नसेल तर सगळा ताण स्क्रूवर येतो.

जोडणी करताना टॉप भिंतीच्या सॉकेटमधून काढलेलाच हवा. टॉपकडून आलेला फेज आधी बोर्डवरच्या स्विचला, तिथून पेडलच्या कॉमन टर्मिनलला, मग पेडलच्या एनओ टर्मिनलवरून (नॉर्मली ओपन, दाबल्यावरच जोडलं जाणारं) परत येऊन सॉकेटच्या एलला. एनसीला (नॉर्मली क्लोज्ड, न दाबता जोडलेलं) जोडलंत तर उलटं होईल, पाय उचलला की मशीन सुरू! न्यूट्रल थेट सॉकेटच्या एनला, अर्थिंग थेट सॉकेटला आणि तिथूनच एक तुकडा पेडलच्या बॉडीला, पेडल लोखंडी असेल तर हे सोडायचंच नाही. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पेडलच्या वायरमधली लाल फेज नेते आणि काळी तोच फेज परत आणते, म्हणजे ती काळी न्यूट्रल नाही. दोन्ही टोकांना तिच्यावर लाल टेप गुंडाळा, नाहीतर पुढे कधी बॉक्स उघडणारा माणूस फसेल.

बोर्डवरचा तो स्विच मला पेडलइतकाच महत्त्वाचा वाटतो. आतली जाळी कापताना ब्लेड सारखं काढून भोकातून ओवायचं असतं आणि पाय पेडलजवळच असतो. तेव्हा आधी तो बंद, प्लग बाहेर, मगच ब्लेडला हात.

लाइट द्यायच्या आधी मल्टीमीटर बझरवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो) लावून टॉपची फेज पिन आणि सॉकेटचं उजवं भोक तपासा (अर्थचं मोठं भोक वर धरून समोरून बघायचं). बोर्डचा स्विच चालू ठेवून पेडल दाबलं की वाजला पाहिजे, सोडलं की गप्प. अर्थ ते अर्थ कायम वाजायला हवा. फेज-न्यूट्रल किंवा फेज-अर्थ वाजलं तर प्लग लावू नका, आधी चूक शोधा. भिंतीच्या सॉकेटमध्ये फेज उजवीकडेच आहे ना तेही टेस्टरने बघा, उलटा असेल तर पेडल न्यूट्रल तोडेल आणि बंद मशीनमध्येही करंट राहील. त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर फारच उत्तम. पहिली चाचणी मशीन न लावता टेबल लॅम्पवर करा.

सगळं जमलं की सॉचा स्वतःचा स्विच चालूच ठेवायचा, बाकी पायाने. स्क्रोल सॉ जेमतेम शंभरेक वॅटचा, त्याला अर्धा अँपिअर लागतो, अर्धा एचपीचं बेंच ड्रिलही चालून जाईल. एक एचपी किंवा वरच्या मोटरला मात्र सुरू होताना कितीतरी पट करंट लागतो, तिथे पेडलने फक्त काँटॅक्टरची (कॉइलने चालणारा मोठा स्विच) २३० व्होल्टची कॉइल चालवायची, मोटरचा करंट काँटॅक्टरमधून, आणि हे काम वायरमनकडूनच करून घ्या. हातात धरायच्या ग्राइंडरला हा बोर्ड लावूच नका, तो बटण लॉक करून चालवावा लागेल आणि हातातून निसटला तर पाय पेडलवरच राहतो.