दिल्लीची संग्रहालयं: आधी काय, मग काय

दिल्लीत सोमवारी संग्रहालयांच्या वाटेला जाऊच नका. बहुतेक सगळी बंद असतात. तो दिवस चांदणी चौकाला द्या.

जनपथवरचं राष्ट्रीय संग्रहालय मंगळवारी सकाळी, दार उघडता उघडता गाठा. नंतर शाळांच्या सहली येतात. सगळे मजले एका दमात पाहायचा हट्ट नको. तळमजल्यावरच्या हडप्पा दालनात निवांत थांबा. मोहेंजोदडोची नर्तकी इथेच आहे. उंची जेमतेम साडेदहा सेंटीमीटर, त्यामुळे घाईत नजरेतून निसटते. काचेजवळ जाऊन वाका. उजवा हात कमरेवर, डावा हात बांगड्यांनी भरलेला, हनुवटी किंचित वर. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कुणा कारागिराने आधी मेणात घडवून मग ओतलेली ही पोर! माझ्या भाच्यांना मी आधी तिची मुद्रा करून पाहायला लावते, मगच माहिती सांगते. मुलं मग विसरत नाहीत.

पोटपूजा करून दुपारी इंडिया गेटजवळच्या जयपूर हाऊसमध्ये अमृता शेरगिलची चित्रं बघा. त्यातले लाल आणि मातकट रंग छापील पुस्तकात कधीच नीट उतरत नाहीत.

गांधी स्मृतीसाठी वेगळी सकाळ राखा. ३० जानेवारी १९४८ ला बापू प्रार्थनेला ज्या वाटेने गेले, तिच्यावर पावलं कोरली आहेत. तिथे मुलांना घाई करू नका, प्रश्न विचारू द्या.

सोबत लहानगी असतील तर चाणक्यपुरीचं रेल्वे संग्रहालय शेवटी ठेवा. तिथून ती लवकर निघत नाहीत.