‘मूळ परीकथा’ म्हणताय? आधी या चुका टाळा

अनुवाद तपासायला आला की माझं लाल पेन हमखास ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’पाशी अडतं. एका अनुवादात मुलांना जंगलात सोडून यायचा बेत त्यांची आई करते, दुसऱ्यात सावत्र आई. दोन्ही अनुवादक छातीठोकपणे लिहितात, ‘मूळ जर्मन कथेप्रमाणे’. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर असतं. वर्ष तेवढं सांगायचं राहून जातं.

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या भावांनी जमवलेल्या गोष्टींचा पहिला खंड डिसेंबर 1812 मध्ये निघाला, दुसरा 1815 मध्ये. सातवी आणि त्यांच्या हयातीतली शेवटची मोठी आवृत्ती 1857 ची. मधल्या 45 वर्षांत विल्हेल्म या गोष्टींवरून हात फिरवतच राहिला. हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई 1812 मध्ये तिची जन्मदाती आई आहे, 1819 मध्ये ती सावत्र झाली. हॅन्सेलच्या आईला सावत्र व्हायला 1840 उजाडलं. तेव्हा दोन पुस्तकांत फरक दिसला की लगेच ‘चूक’ असा शेरा मारू नका, आवृत्तीचं वर्ष बघा. पुस्तकात ते दिलेलंच नसेल, तर हिमगौरीची आई सख्खी की सावत्र एवढं पाहिलं तरी पाठ कुठला याचा अंदाज येतो.

याच्याच जोडीची चूक म्हणजे इंग्रजी अनुवादाला मूळ समजणं. बेडूक राजपुत्राची गोष्ट घ्या. राजकन्या बेडकाचा मुका घेते आणि त्याचा राजपुत्र होतो, असं आपण सगळेच सांगतो. ग्रिमच्या पुस्तकात ती वैतागून त्याला उचलते आणि दाणकन भिंतीवर आपटते. मुका नाहीच! एडगर टेलरने 1823 मध्ये इंग्रजीत गोष्टी आणल्या, त्यात ही आपटाआपटी काढून बेडकाला तीन रात्री उशीवर झोपवलं. आपल्याकडे गोष्टी इंग्रजीमार्गे आल्या, त्यामुळे असे बदल चाळणीतून न जाता थेट ताटात आले.

आता फॉरवर्डांतून सगळ्यात जास्त फिरणारी चूक: ‘मूळ कथा भयंकर रक्तबंबाळ होत्या, नंतर मुलांसाठी सौम्य केल्या.’ अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पक्कं बसतं. 1812 च्या रापुन्झेलमध्ये ती मुलगी आपल्याला मनोऱ्यात कोंडून ठेवणाऱ्या बाईला भाबडेपणाने म्हणते, माझे कपडे हल्ली इतके घट्ट का होतायत? राजपुत्र रोज मनोऱ्यावर येतोय, वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं. त्यावर आक्षेप आले आणि विल्हेल्मने ते वाक्य काढलं. पुढच्या आवृत्त्यांत ती त्याच बाईला विचारते, तुम्हाला वर ओढताना राजपुत्रापेक्षा जड का लागतं? गरोदरपणाची खूण गेली, वेंधळेपणा आला. (वेंधळेपणाने स्वतःचंच बिंग फोडणारी ही रापुन्झेल मला काही पटत नाही. पहिली जास्त माणसासारखी आहे.)

पण सिंड्रेला बघा. बुटात पाय बसावा म्हणून सावत्र बहिणींपैकी एकीने अंगठा, दुसरीने टाच कापणं हे 1812 मध्येही आहे. कबुतरांनी शेवटी बहिणींचे डोळे फोडणं मात्र त्यात नाही, ते 1819 मध्ये घातलं. म्हणजे शरीरसंबंधाची कुजबुज पुसली गेली आणि शिक्षा वाढली. ‘सौम्य केल्या’ असं सरसकट लिहिणाऱ्याने हे दोन्ही पाठ शेजारी ठेवून एकदा वाचावेत.

काचेच्या बुटाबद्दलही असंच होतं. फ्रेंच लेखक शार्ल पेरोने 1697 मध्ये काच या अर्थाचा ‘व्हेर’ शब्द छापला. तसाच उच्चार असलेल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ खारीची फर, म्हणून बूट खरा फरचा, पेरो ऐकण्यात चुकला, असा तर्क पुढे निघाला. छापलेलं काचच आहे. आणि ग्रिमच्या गोष्टीत बूट सोन्याचा, त्यामुळे दोन्ही सिंड्रेला एका परिच्छेदात कालवू नका. लाल टोपीवालीचंही तेच: पेरोकडे लांडगा तिला खातो आणि गोष्ट संपते, शिकारी ग्रिमकडे येतो.

पुढची चूक चित्रातून आली आहे: दोघं भाऊ झोळी घेऊन खेडोपाडी फिरतायत आणि म्हाताऱ्या शेकोटीपाशी गोष्टी सांगतायत. प्रत्यक्षात बऱ्याचशा गोष्टी कासेल शहरातल्या त्यांच्या ओळखीच्या घरांतून आल्या. शेजारच्या औषधांच्या दुकानवाल्या विल्ड कुटुंबातल्या मुली, हासेनफ्लुग घराण्यातल्या बहिणी. शिकलेल्या, तरुण, खात्यापित्या घरच्या. विल्ड यांची डोर्टशेन 1825 मध्ये विल्हेल्मची बायको झाली. डोरोथेआ फीमान ही त्यांची सर्वांत गाजलेली कथेकरीण. भावांनी तिला अस्सल हेसियन (जर्मनीतल्या हेस प्रांतातली) शेतकरीण म्हणून पेश केलं. ती होती शिंप्याची बायको, बाप खानावळ चालवायचा, आणि पूर्वज फ्रान्समधून आलेले ह्यूगनो, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट. भाजीपाला विकायला ती कासेलला यायची. सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगायला लावली तर तशीच सांगायची आणि शब्द चुकला तर स्वतःच दुरुस्त करायची, हे त्यांनी कौतुकाने लिहून ठेवलंय.

ह्यूगनो हा तपशील फार कामाचा. जर्मन मातीतल्या म्हणवलेल्या काही गोष्टी अशा फ्रेंच मुळांच्या घरांतून आल्या होत्या. ‘बूटवालं मांजर’ आणि ‘निळी दाढी’ 1812 मध्ये आहेत, पुढे त्या वगळल्या. पेरोशी असलेलं साम्य लपण्यासारखं नव्हतं.

लेखक आणि संग्राहक यांची गल्लत ही छोटी चूक, पण पुस्तकांच्या ब्लर्बवर सारखी दिसते. डॅनिश लेखक अँडरसनची ‘छोटी जलपरी’ (1837) त्याची स्वतःची आहे, लोककथा नव्हे. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ 1740 मध्ये मादाम द व्हिलनव्ह यांनी लिहिली. आपण ओळखतो तो छोटा अवतार ल प्रँस द बोमाँ यांचा, 1756 चा.

शेवटची चूक थोडी अभिमानाची आहे. सिंड्रेलासारखी येह-शियेनची गोष्ट चीनमध्ये नवव्या शतकात लिहिलेली सापडते, म्हणून ‘सिंड्रेला चिनी’. जर्मन संस्कृत पंडित टेओडोर बेनफायने 1859 मध्ये पंचतंत्राचा अनुवाद करताना युरोपातल्या पुष्कळ कथांचा उगम भारतात असल्याचं मांडलं, म्हणून ‘सगळं आपलंच’. सर्वांत जुनी नोंद कुठे सापडली, यावरून जन्मगाव ठरत नाही. नोंद करणारा तिथे होता, इतकंच त्यावरून कळतं.

नोंद कशी करावी हे पाहायचं तर 1868 चं ‘ओल्ड डेक्कन डेज’ उघडा. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिने आपली आया ॲना लिबेराटा डिसोझा हिच्याकडून ऐकलेल्या या गोष्टी. पोपटात जीव ठेवलेला जादूगार त्यात आहे, आणि डोंगरावरून चप्पल घरंगळलेली, ती राजपुत्राला सापडलेली सोदेवाबाईही. पण माझ्या कामाची पानं सुरुवातीची: ॲना कोण, घराणं कुठलं, ते गोव्याजवळ कसं आलं, हे तिच्याच तोंडून. ग्रिमनी टिपांमध्ये बहुतेक ठिकाणी नुसतं ‘हेसमधून’ लिहिलं. सांगणाऱ्या मुलींची नावं त्यांनी आपल्या खाजगी प्रतीच्या समासात, शाईने, लिहून ठेवली होती.