नदीतला शिंपला ओळखायचा कसा आणि त्याचं बरं चाललंय की नाही हे कळायचं कसं

गुडघाभर पाण्यात शिंपला दिसला की लोक पहिलं काम काय करतात तर नखाने नाहीतर चाकूने तो उघडायला बघतात. प्लीज नका करू. तो मिटून ठेवणारे दोन दणकट स्नायू असतात, जोर लावला की ते फाटतात, मग तो परत मिटत नाही आणि मरतो. मादी असेल तर तिच्या कल्ल्यांत अळ्या असू शकतात, त्रास झाला की ती त्या वेळेआधीच बाहेर टाकते. म्हणून शिकायचं ते काठावरच्या रिकाम्या शिंपल्यांवर. फक्त बऱ्याच देशांत जिवंत शिंपल्याला हात लावायलाही परवाना लागतो, काही ठिकाणी रिकामा उचलायला सुद्धा, ते आधी बघून घ्या.

आधी ठरवायचं की हा युनिओनिडा गणातला आहे का. गोड्या पाण्यातले मोठे शिंपले बहुतेक याच गणातले, जगभरात ९०० च्या आसपास जाती, सहा कुळं, आणि त्यातल्या सगळ्यात जास्त जाती एकट्या युनिओनिडी कुळात. गोंधळ घालणारे दोघंजण आहेत. एक कॉर्बिक्युला, लहानसा, त्रिकोणी, अंगावर एकसारख्या अंतराने उठावदार कडा. दुसरा झेब्रा मसल, हा धाग्यांनी दगडाला चिकटलेला असतो, कधीकधी दुसऱ्या शिंपल्याच्या पाठीवरच बसतो आणि त्याचा जीव घेतो. मोठा झालेला युनिओनिड, म्हणजे युनिओनिडा गणातला शिंपला, सहसा असा चिकटत नाही, तो वाळूत अर्धा रुतून बसतो.

आता रिकामा शिंपला हातात घ्या, बिजागरी वर. बिजागरीजवळ जो उंचवटा असतो तो अंबो, शिंपल्याचा सगळ्यात जुना भाग, बऱ्याचदा झिजलेला. त्याच्या मागे तपकिरी लवचिक पट्टी दिसेल, ती बाजू म्हणजे मागची. पट्टी स्वतःकडे धरली की डावं कवच डाव्या हाताला येतं. मग आत बघा: अंबोखाली जाड ओबडधोबड दात, आणि मागे लांब सरळ कडांसारखे दात. बऱ्याच युनिओनिडींत डावीकडे दोन लांब कडा आणि उजवीकडे एक, ती बरोबर डावीकडच्या खाचेत बसते. अॅनोडोंटा नावाच्या शिंपल्याला दातच नसतात, आणि मार्गारिटिफेरा म्हणजे मोत्याच्या शिंपल्यात पुढचे, अंबोखालचे, असतात पण मागचे जवळपास नसतातच.

रंग आणि आकारावर मात्र जाऊ नका! एकच जात जोराच्या प्रवाहात एक आकार घेते आणि संथ पाण्यात दुसराच, या नादात जुन्या लोकांनी एकेका जातीला डझनभर नावं देऊन ठेवलीत. आता वर्गीकरण बरंचसं डीएनएवर चालतं, शिंपल्याच्या पायावर नुसता कापूस फिरवून नमुना मिळतो, मारावं लागत नाही. इथे एक गंमत आहे, या शिंपल्यांत नराला बापाकडून वेगळं मायटोकाँड्रियल डीएनए (पेशीतल्या मायटोकाँड्रियांचं, जे एरवी प्राण्यांत सहसा आईकडूनच येतं) मिळतं आणि ते जननग्रंथीत असतं, म्हणून नमुना तिथून घेतला तर एकाच जातीच्या दोन वेगळ्या जाती वाटू शकतात.

ओळख पटली तरी खरं काम पुढे आहे. जिवंत शिंपले भरपूर दिसले म्हणजे नदी ठणठणीत असं बिलकुल नाही. यांच्या अळ्यांना, म्हणजे ग्लोकिडियांना, काही दिवस ते काही महिने माशाच्या कल्ल्यांना नाहीतर पंखांना चिकटून काढावे लागतात, आणि कुठलाही मासा चालत नाही, बऱ्याच जातींना ठरावीकच लागतात. लॅम्पसिलिस नावाच्या शिंपल्याची मादी तर स्वतःच्या अंगाचा एक भाग छोट्या माशासारखा हलवते, मोठा मासा खायला आला की तोंडावर अळ्यांचा फवारा. युरोपातल्या मोत्याच्या शिंपल्याला सॅमन किंवा ट्राउटच लागतो, आणि तो स्वतः शंभर वर्षांच्या वर जगतो. धरण झालं, मासे यायचे थांबले, तरी म्हातारे शिंपले कित्येक दशकं तिथेच बसलेले दिसतात आणि आपल्याला वाटतं सगळं छान चाललंय. अमेरिकेत २०२३ मध्ये एकाच वेळी आठ जाती नामशेष म्हणून संरक्षित यादीतून काढल्या, त्यात अशा न दिसणाऱ्या ऱ्हासाचा मोठा वाटा आहे असं माझं मत.

त्यामुळे मोजायला गेलात तर प्रत्येकाची लांबी घ्या आणि लहान शोधा. पिल्लं सुरुवातीची काही वर्षं वाळूत पूर्ण गाडलेली असतात, वरून बघून मिळणार नाहीत, परवानगी असेल तर थोडी वाळू चाळून बघावी लागते. सगळेच मोठे निघाले तर आधी तिथे कुठले मासे उरलेत ते बघा, पाण्याची टेस्ट नंतर.

परत ठेवताना जिथून उचलला तिथेच, पुढची बाजू वाळूत आणि मागची वर, कारण श्वास आणि खाणं दोन्ही मागच्या टोकाने चालतं. बाजू कळली नाही तर नुसता आडवा ठेवा, पाय काढून तो स्वतः रुततो. फोटो बाहेरून, आतून दोन्ही कवचांचे आणि अंबोचा वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून. बूट, जाळी सगळं धुऊन कडक वाळवल्याशिवाय दुसऱ्या नदीत न्यायचं नाही, झेब्रा मसलच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत.