लेबर आणि इंडस्ट्रियल रिलेशन्स शिकायचंय? ऍडमिशनच्या आधी एवढं करा

बारावीनंतर आर्ट्स घेऊ की कॉमर्स याचं फार टेन्शन घेऊ नका, अर्थशास्त्र, समाजशास्त्र काहीही चालतं, खरा विषय मास्टर्सला येतो, टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, मुंबई) किंवा परळच्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाच्या श्रम विज्ञान संस्थेत. लोखंडे कोण होते तेवढं आधी वाचून ठेवा, आज आपण रविवारची सुट्टी घेतो ती गिरणी कामगारांना १८९० मध्ये त्यांच्या लढ्यामुळे मिळाली.

आता मेन काम. घरातल्या कुणाचीतरी पगाराची स्लिप मागून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. मी मामाची घेऊन बसले होते, हातात येणारा पगार बरा होता पण बेसिक एकदम कमी आणि बाकी सगळे भत्ते, म्हणजे पीएफचे १२ टक्के कापले जाणार ते त्या छोट्या आकड्यावर आणि उद्या नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पण त्याच्यावरच. नवीन वेज कोडमध्ये, म्हणजे वेतनाच्या नव्या कायद्यात, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनात धरायचा असं का आणलंय ते मला त्या स्लिपमुळे कळलं, पुस्तकातली व्याख्या दहादा वाचून डोक्यात शिरत नव्हतं.

मग एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या कुणाशी तरी निवांत बोला. "सात महिने झाले की ब्रेक देतात" हे ऐकायला मिळेलच. का देतात? वर्षात २४० दिवस भरले की सलग नोकरी धरली जाते आणि मग काढताना नोटीस, भरपाई सगळं आलं, ते टाळायला. हे एक नीट समजलं तर कंत्राटी कामगारांचं अर्धं दुखणं समजलं.

सिनियरच्या जुन्या नोट्सवर मात्र विसंबू नका. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार लेबर कोड लागू झाले, २९ कायदे त्यात गेले. तरी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा वाचाच आणि शेजारी त्याच्या जागी आलेला नवा कोड ठेवा. आधी १०० कामगार असले की कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची, आता ३०० ला लागते, एवढ्या एका आकड्याने किती छोट्या कारखान्यातली माणसं या संरक्षणातून बाहेर पडली बघा.

आणि लालबाग-परळला कुणी ओळखीचं असेल तर १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपाबद्दल विचारा. त्या वेळी घर कसं चालवलं हे घरातल्या बायकांना विचारा, पुरुष संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्या सभा सांगतील, बायका किराणावाल्याची उधारी सांगतील, आणि दोन्ही वहीत लिहून घ्या.