ग्रुपच्या जहाजाचं नाव पोल घेऊन ठेवायचंय? मग हे आधी वाचा

ऑनलाइन रोलप्लेचा (म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन मिळून गोष्ट खेळायची) ग्रुप जमला, कॅरेक्टर्स ठरले, जीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरनं, नकाशा टाकला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी विचारतंच, अरे आपल्या जहाजाचं नाव काय? आणि मग दोनशे मेसेज. अर्धे जोक, पाव भाग जीआयएफ, आणि उरलेल्यात दोन जण खरंच चिडलेले. जहाज समुद्रातलं असो नाहीतर अंतराळातलं, हे नाव पुढचे कित्येक महिने प्रत्येक सेशनमध्ये सगळ्यांच्या तोंडी येणारे, त्यामुळे "सगळ्यात भारी नाव" शोधायच्या भानगडीत पडू नका, कोणाच्याच डोक्यात जाणार नाही असं नाव शोधा.

पोल टाकायच्या आधी एक गोष्ट क्लिअर करून टाका, पोलचा निकाल फायनल आहे की जीएम फक्त मत विचारतोय? हे दोन्ही चालतं पण ते आधी सांगितलेलं पाहिजे. २०१६ ला ब्रिटनमध्ये सरकारी संशोधन संस्थेनं २० कोटी पौंडांच्या ध्रुवीय जहाजाचं नाव लोकांना ऑनलाइन सुचवायला सांगितलं तेव्हा काय झालं आठवतंय ना? 'बोटी मॅकबोटफेस'ला सव्वा लाखाच्या आसपास मतं पडली आणि जहाजावर शेवटी नाव आलं सर डेव्हिड ॲटनबरो. शेवटचा निर्णय आमचा असं नियमात होतं हो, पण नियम वाचतंय कोण. जिंकलेलं नाव बाजूला ठेवलं म्हणून बोंब झाली ती झालीच. तुमच्या बारा जणांच्या ग्रुपमध्येही सेम होणार, फक्त पेपरात येणार नाही.

दुसरं म्हणजे नावं मागवायच्या आधी जहाज कोणाचंय ते दोन ओळीत लिहून पिन करा. नेव्हीचं आहे, व्यापाऱ्याचं आहे, चोरून आणलंय, की कॅप्टनला आजोबांकडून मिळालंय? नेव्हीची नावं वजनदार असतात, आणि आपल्याकडे त्यात रेंजही मस्त आहे, म्हणजे युद्धनौका 'विक्रांत', जग फिरून आलेली शिडाची बोट 'म्हादेई' म्हणजे सरळ गोव्यातली नदी, आणि २०२५ ला नौदलात आलेली ती दोरीनं शिवलेल्या फळ्यांची 'कौंडिण्य'. ह्याउलट कोकणातल्या मच्छीमार बोटी बघा, कुलदैवत, पोरीचं नाव, अमुकतमुक कृपा. जहाज ज्याचं त्याच्या तोंडचं नाव आलं पाहिजे, हप्ता चुकवत माल पोचवणाऱ्या टोळीच्या जहाजाचं नाव 'धर्मरक्षक' असेल तर तो विनोद आहे हे सगळ्यांना कळलेलं असू दे. (देवाचं नाव ठेवणार असाल तर आधी ग्रुपमध्ये विचारा बरं का, कारण पुढे जीएमनं ते जहाज उडवलं की कोणाला तरी वाईट वाटतंच.) आणि आयएनएस, एमव्ही असं जे काय पुढे लावायचं ते वेगळं ठरवा, नाहीतर एकच नाव तीन प्रीफिक्स लावून तीनदा लिस्टमध्ये येतं आणि मतं फुटतात.

नावं मागवताना माणशी दोनच. जो नाव देईल त्यानं एक ओळ कारण पण द्यायचं, जमलं तर आपल्या कॅरेक्टरच्या तोंडून. एवढ्या एका अटीनं निम्मा कचरा आपोआप गळतो, कारण 'जहाज मॅकजहाजफेस' लिहिणाऱ्याला कारण लिहायचा कंटाळा येतो. मग एक दिवस व्हेटोचा, प्रत्येकाला एक नाव जीएमला खाजगीत सांगून उडवता येईल, कारण विचारायचं नाही. कोणाच्या एक्सचं नाव असतं, कोणाच्या घरातलं गेलेलं माणूस असतं, ते सगळ्यांसमोर सांगायला लावू नका.

आता उरलेली नावं तोंडानं म्हणून बघा, हे लोक हमखास स्किप करतात. माझी फेवरेट टेस्ट म्हणजे मेडे कॉल. खऱ्या समुद्रात संकटात असलेलं जहाज रेडिओवर तीनदा मेडे म्हणतं, मग धिस इज, आणि मग जहाजाचं नाव तीनदा. आता व्हॉइस चॅटवर एकाला हे जोरात आणि घाईत म्हणायला लावा: मेडे मेडे मेडे, धिस इज वज्रप्रहारिणी, वज्रप्रहारिणी, वज्रप... झालं, जहाज बुडालं. असलं नाव दुसऱ्या सेशनला 'वज्री' होणार हे नक्की, मग आत्ताच 'वज्री' का नको? दोन-तीन अक्षरी, जोडाक्षर कमी, आणि कुठल्याही कॅरेक्टरच्या नावासारखं न वाटणारं, एवढं बघितलं तरी पुरे.

आता मेन मुद्दा, मतं कशी मोजायची. समजा बारा जण आहेत आणि तीन नावं उरलीत, खटारा, रणचंडी, भटकी. एकाला एक मत दिलं तर खटारा ५, रणचंडी ४, भटकी ३. खटारा जिंकलं, आणि सात जण तोंड वाकडं करून बसले. बरं मग कोणीतरी हुशार म्हणतो पसंतीक्रम लावूया, म्हणजे सगळ्यात कमी मतंवालं नाव बाद आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीला. भटकी बाद झालं, तिघांची दुसरी पसंती रणचंडी, झाले ७, रणचंडी जिंकलं. आता खटारावाले पाच जण नाराज. आणि गंमत बघा, त्याच बारा जणांना "जी जी नावं चालतील त्या सगळ्यांवर टिक करा" असं सांगितलं तर खटारावाल्यांतले चार आणि रणचंडीवाले तीन भटकीलाही टिक करतात, म्हणजे भटकी १०. भटकीवाल्यांतल्या दोघांना रणचंडी चालतं म्हणून ते ६, आणि खटारा आपलं ५ वरच. म्हणजे आधीच्या मोजणीत जे नाव सगळ्यात आधी उडालं ते बारातल्या दहा जणांना चालणारं होतं! निवडणुकीत कुठली पद्धत बरी यावर लोक खुशाल भांडू देत, जहाजाच्या नावाला मात्र माझं मत टिकवाल्या पद्धतीलाच.

आणि ती सोपी पण आहे. व्हॉट्सॲप पोलमध्ये मल्टिपल आन्सर्सचा टॉगल चालू ठेवला की झालं, ऑप्शन १२ पर्यंत टाकता येतात, डिस्कॉर्ड या चॅट ॲपला १०. फक्त दोन्हीकडे कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे जीएमनं पहिलं मत टाकलं की चार जण मागून तेच टाकतात. जीएम आणि कॅप्टन खेळणाऱ्यानं शेवटी मत द्यायचं, नाहीतर सरळ गूगल फॉर्म करा, त्यात चेकबॉक्स ठेवा आणि ऑप्शनचा क्रम शफल करा म्हणजे वरच्या नावाला फुकटचा फायदा नको. पोल एकदा टाकला की त्यात नवं नाव घुसवायचं नाही, "अरे मला आत्ताच भारी सुचलं" वाल्याला प्रेमानं सांगा, पुढच्या जहाजाला.

वेळ निदान दोन दिवस, त्यात वीकेंड आला तर उत्तम. अर्धा ग्रुप पुण्यात आणि अर्धा न्यू जर्सीत असला तर इथे रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात तिकडे सकाळचे साडेअकरा, तो माणूस ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलाय, त्याला तासाभरात मत दे म्हणणं बरोबर नाही. बरोबरीत सुटलं तर काय करायचं तेही पोलच्या मेसेजमध्येच लिहा. आम्ही कॅप्टनच्या कॅरेक्टरला फासा टाकायला लावतो, त्या निमित्तानं एक सीनही होतो.

हरलेली नावं फेकू नका. ब्रिटिशांनी 'बोटी मॅकबोटफेस' हे नाव शेवटी त्या जहाजाबरोबरच्या पाण्याखालच्या रोबोटला दिलं. २००९ मध्ये नासाच्या अशाच पोलमध्ये टीव्हीवाल्या कोल्बेअरचं नाव जिंकलं तेव्हा स्पेस स्टेशनच्या भागाला त्यांनी 'ट्रँक्विलिटी' ठेवलं आणि आतल्या ट्रेडमिलला कोल्बेअर. तुम्हीही 'खटारा' लाइफबोटीला द्या, 'रणचंडी' पाठलाग करणाऱ्या शत्रूच्या जहाजाला द्या, ज्याचं नाव हरलं तो सगळ्यात जास्त खूश होतो बघा.

निकाल लागला की जीएमनं त्याच दिवशी नाव गेममध्ये आणायचं, बंदरावरचा कारकून रजिस्टरमध्ये लिहितोय, किंवा कोणीतरी शिडीवर चढून रंगवतंय आणि रंग कमी पडलाय, काहीही. आठवडाभर नाव नुसतं पिन केलेल्या मेसेजमध्ये पडून राहिलं तर लोक परत "जहाज"च म्हणायला लागतात आणि मग कोणीतरी उठून रिपोल मागतो. रिपोल द्यायचा नाही. फारच रड झाली तर जहाज चोरीला जाऊ दे, चोर नाव बदलतातच.